निव्वळ ऐकून घेणे पुरेसे असते का? मानवतावादी आणि अस्तित्ववादी समुपदेशनाविषयी

गोदातीर

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या समुपदेशन केंद्रात काम करते. माझे शिक्षण प्रामुख्याने विवेकनिष्ठ पद्धतीत झाले. महाराष्ट्रात समुपदेशन शिकलेल्या अनेकांचे तसेच असते, कारण कि. मो. फडके यांच्यासारख्या अभ्यासकांनी या पद्धतीचा प्रवर्तक, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस याचा विचार मराठीत नेटाने रुजवला. अविवेकी समज शोधायचा, त्याला आव्हान द्यायचे आणि त्या जागी विवेकी विचार आणायचा, ही चौकट मला उपयोगी वाटते आणि मी ती सोडणार नाही.

मात्र काही विद्यार्थी असे येतात की त्यांच्या बोलण्यात आव्हान देण्याजोगा समज सापडतच नाही. एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) वडील गेल्यानंतर शेती आणि पदवी दोन्ही सांभाळतो आहे. झोप ठीक आहे, गुण ठीक आहेत. त्याने मला विचारले, "मॅडम, मी हे सगळं नेमकं कोणासाठी करतोय?" हा प्रश्न अविवेकी नाही. अशा वेळी मी केवळ लक्ष देऊन ऐकते, त्याला काय वाटते ते त्याच्याच शब्दांत पुन्हा समोर ठेवते आणि तो पुढच्या आठवड्यात परत येतो.

मानवतावादी, म्हणजे माणसाच्या अनुभवाला आणि समुपदेशकाशी असलेल्या नात्याला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या व्यक्तिकेंद्रित समुपदेशनाचा प्रवर्तक कार्ल रॉजर्स याने १९५७ साली एका निबंधात असा दावा केला होता की व्यक्तिमत्त्वात बदल घडण्यासाठी सहा अटी आवश्यक आहेत आणि त्या पुरेशाही आहेत. समुपदेशकाचा सच्चेपणा, विनाअट स्वीकार आणि समानुभूती (समोरच्याचे जग त्याच्या नजरेतून जाणणे) या त्यांतल्या तीन सर्वांना पाठ असतात. माझा प्रश्न 'पुरेशा' या भागाबद्दल आहे. आजच्या संशोधनासमोर तो दावा टिकतो का? आणि 'कशासाठी जगायचे' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याबरोबर आपण नक्की काय काम करतो, हे वरिष्ठांना वार्षिक अहवालात कसे दाखवायचे?

दूरदेशी

मी इंग्लंडमध्ये मानसोपचारांच्या मूल्यमापनाशी संबंधित काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथल्याच चाचणीच्या आधारे देतो. शेफिल्डमधील सार्वजनिक मानसोपचार सेवेत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ५१० जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. एका गटाला व्यक्तिकेंद्रित अनुभवाधारित समुपदेशन मिळाले, दुसऱ्याला सीबीटी म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारा बोधात्मक वर्तनोपचार. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी पाहिले तर व्यक्तिकेंद्रित समुपदेशन सीबीटीपेक्षा कमी ठरले नव्हते. बारा महिन्यांनी मात्र सीबीटीचा गट पुढे होता. नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या ० ते २७ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक सुमारे पावणेदोन गुणांचा होता.

याचा अर्थ प्रत्येक बाजू आपल्या सोयीने लावते. माझे मत असे आहे की दोन्ही निष्कर्ष एकत्र सांगितले पाहिजेत. ऐकून घेणे म्हणजे उपचार सुरू होईपर्यंतची तात्पुरती सोय, असे म्हणणाऱ्यांना पहिला निष्कर्ष उत्तर देतो. संबंधातून जे घडते ते आपोआप वर्षभर टिकते, असे मानणाऱ्यांना दुसरा निष्कर्ष थांबवतो.

केतकीबन

अतिशय स्पष्ट मांडणी. धन्यवाद, दूरदेशी. पण सीबीटीच्या गटातील माणसे घरी सराव करतात, त्यामुळे वर्षाअखेरीस त्यांच्या हाती काहीतरी उरते, असे कारण असेल का?

दूरदेशी

शक्य आहे, पण त्या चाचणीतून कारण सिद्ध होत नाही. म्हणून मी त्याबद्दल ठाम बोलणार नाही.

अनुक्रमणिका

मी मानसशास्त्राची निवृत्त प्राध्यापक आहे आणि या विषयावर वर्गात पुष्कळ वर्षे बोलले आहे. मानवतावादी मंडळी मोजमापाच्या विरोधात असतात, असा एक समज वर्गातही असायचा आणि या धाग्याच्या सुरातही तो थोडा डोकावतो आहे. इतिहास नेमका उलटा आहे.

समुपदेशनाच्या खोलीत ध्वनिमुद्रणाचे यंत्र नेणाऱ्या पहिल्या लोकांत रॉजर्स होता. १९४२ च्या त्याच्या पुस्तकात एका व्यक्तीबरोबरच्या सगळ्या भेटी शब्दशः छापल्या आहेत, आणि तेव्हा हे अभूतपूर्व होते, कारण तोवर उपचारकाने आठवणीतून लिहिलेल्या टिपणावरच विश्वास ठेवावा लागे. पुढे शिकागोच्या केंद्रात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाची रीत मी विद्यार्थ्यांकडून प्रत्यक्ष करून घेत असे. स्वतःबद्दलची शंभर विधाने शंभर कार्डांवर लिहिलेली असतात. माणूस ती 'मी आज असा आहे' या क्रमाने नऊ ढिगांत लावतो आणि मग तीच कार्डे 'मला असे व्हायचे आहे' या क्रमाने पुन्हा लावतो. दोन मांडण्या किती जुळतात हे दाखवणारा सहसंबंध काढला जातो (शून्य म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ). समुपदेशनाला आलेल्या २५ जणांच्या गटात तो सुरुवातीला जवळजवळ शून्य होता, शेवटी ०.३४ झाला आणि नंतरच्या पाठपुराव्यातही बराचसा टिकला. काही जणांना आधी ६० दिवस थांबायला सांगितले होते आणि त्या थांबण्याच्या काळात त्यांच्यात असा बदल दिसला नाही. हे सगळे १९५४ साली प्रसिद्ध झाले.

या अभ्यासात उणिवा आहेत. माणूस स्वतःबद्दल चांगले बोलायला शिकला की खरोखर बदलला, हे कार्डांवरून कळत नाही. तरीही प्रश्न मोजता येतो, ही भूमिका रॉजर्सची होती, हे नवीन पिढीला ठाऊक असावे.

आता 'पुरेशा' या दाव्याची खरी परीक्षा विस्कॉन्सिनमध्ये झाली. १९५७ नंतर रॉजर्स आणि त्याच्या चमूने मॅडिसनजवळच्या मेंडोटा रुग्णालयात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबरोबर हाच दृष्टिकोन वापरला. १९६७ साली आलेला अहवाल नम्र करणारा होता, कारण उपचार मिळालेला गट एकूण पाहता तुलनेच्या गटापेक्षा फारसा पुढे नव्हता. मात्र ज्यांना आपल्या उपचारकाकडून अधिक समानुभूती मिळाली, त्यांच्यात सुधारणा अधिक दिसली. माझ्या मते १९५७ च्या दाव्याचे उत्तर तिथेच मिळाले होते. त्या अटी आवश्यक म्हणाव्यात इतक्या महत्त्वाच्या आहेत, पण प्रत्येक आजारासाठी आणि प्रत्येक माणसासाठी पुरेशा नाहीत.

तिसरा मजला

मी या विषयातला जाणकार नाही. मी समुपदेशन घेतलेला माणूस आहे आणि त्या बाजूने लिहितो.

नोकरी गेल्यानंतर मी प्रथम ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी पहिल्याच भेटीत एक तक्ता दिला आणि त्यात रोजचे विचार भरायला सांगितले. तक्ता वाईट नव्हता. पण मी अजून काय झाले ते सांगितलेही नव्हते. मी परत गेलो नाही. नंतर ज्या बाईंकडे गेलो, त्यांनी मला बोलू दिले. मी भराभर घटना सांगत होतो, तारखा, ईमेल, कोण काय म्हणाले. त्यांनी मला मध्येच हळू केले आणि विचारले, "हे सांगताना तुमचा हात सारखा छातीवर जातोय. तिथे काय आहे?" मी गप्प झालो. बराच वेळ शब्द सापडेना. भीती नव्हती, राग नव्हता. शेवटी म्हणालो, "लाज आहे. मुलीसमोर दुपारी घरी बसण्याची लाज." तोपर्यंत हे मला स्वतःलाही माहीत नव्हते.

तेव्हापासून माझे असे मत आहे की नुसते ऐकणे आणि असे ऐकणे यांत फार अंतर आहे. धाग्याच्या शीर्षकातील 'निव्वळ' मला म्हणूनच पटत नाही.

अनुक्रमणिका

तिसरा मजला, आपण जे लिहिले आहे त्याचा अभ्यास झालेला आहे. रॉजर्सचा सहकारी युजीन जेंडलिन आणि त्याच्या गटाने ध्वनिमुद्रणे ऐकून एक श्रेणी तयार केली होती. माणूस घटनांची यादी सांगतो आहे, की आत जाणवणाऱ्या पण अजून नाव न मिळालेल्या गोष्टीजवळ थांबून, चाचपडत बोलतो आहे, हे त्या श्रेणीने ठरवले जाते. चाचपडत बोलणाऱ्यांना उपचाराचा फायदा अधिक होतो, असे त्यांना आढळले. मग जेंडलिनने पुढचा प्रश्न विचारला की ज्यांना असे थांबता येत नाही त्यांना ते शिकवता येईल का, आणि त्यातून त्याची स्वतंत्र पद्धत उभी राहिली. म्हणजे मानवतावादी परंपरेच्या आतूनच 'संबंधाबरोबर आणखी काही करावे लागते' हा विचार आला. लेस्ली ग्रीनबर्गची भावनाकेंद्री पद्धतही त्याच वाटेवरची आहे.

कोकणकडा

सर्वांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. मी तालुक्याच्या गावी समुपदेशन करतो. आमच्याकडे माणूस दोन बस बदलून येतो आणि त्याला उत्तर हवे असते. "तुम्हाला काय वाटतं?" असे मी तिसऱ्यांदा विचारले तर तो म्हणतो, "मला काय वाटतं ते मला माहितीये, तुम्ही सांगा." वडीलधाऱ्याने सांगावे आणि आपण ऐकावे, ही इथली घडण आहे. मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ सालीच लिहिले होते की भारतीय संदर्भात गुरू आणि शिष्याचे नाते हा उपचाराचा नमुना होऊ शकतो. पाश्चात्त्य नमुन्यातील अंतर राखणारा, मार्ग न दाखवणारा समुपदेशक इथल्या माणसाला परका वाटतो. सल्ला न देणे हे तत्त्व म्हणून इथे आणले तर ती एक प्रकारची कठोरता होते.

केतकीबन

कोकणकडा, आमच्या चाळीत सल्ला मागावा लागत नाही, तो जिना चढतानाच मिळतो. म्हणूनच मला वाटते की सल्ला न देणारा एक तरी माणूस आयुष्यात असावा.

सावरीचा कापूस

केतकीबन यांचे म्हणणे पटले, पण कोकणकडा यांचा मुद्दाही बाजूला सारण्यासारखा नाही. १९६५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या चित्रफितींच्या मालिकेत ग्लोरिया नावाची एकच स्त्री रॉजर्स, गेस्टाल्ट उपचारपद्धतीचा फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस या तिघांशी बोलते. नुकताच घटस्फोट झालेली ही बाई रॉजर्सला थेट विचारते की माझ्या आयुष्यातील पुरुषांबद्दल मी लहान मुलीला खरे सांगावे की नाही. ती पुन्हा पुन्हा उत्तर मागते. रॉजर्स उत्तर देत नाही, पण तो प्रश्न उडवूनही लावत नाही. ती उत्तरासाठी किती आसुसली आहे हे तो ओळखतो, तसे बोलून दाखवतो आणि हे उत्तर मी तुझ्या वतीने देऊ शकत नाही हेही सांगतो. हळूहळू ती स्वतःच म्हणू लागते की मुलीपेक्षा मला स्वतःलाच मी स्वीकारार्ह वाटत नाही. ही चित्रफीत पाहिल्यावर मला असे वाटले की सल्ला न देणे आणि माणसाला एकटे सोडणे या दोन गोष्टी आहेत. इथल्या समुपदेशकाने पहिली निवडताना दुसरी घडू नये याची काळजी घ्यावी.

शिवाय तत्त्वज्ञ मार्टिन ब्यूबर आणि रॉजर्स यांचा मिशिगन विद्यापीठात १९५७ च्या एप्रिलमध्ये जाहीर संवाद झाला होता, त्याची इथे आठवण होते. आपण दोन माणसे समपातळीवर भेटतो, असे रॉजर्स म्हणत होता. त्यावर ब्यूबरचा आक्षेप असा होता की मदत मागायला आलेला आणि मदत देणारा यांची परिस्थिती समान नसतेच. तुम्ही त्याच्या बाजूने पाहू शकता, तो तुमच्या बाजूने पाहू शकत नाही. दोन बस बदलून आलेल्या माणसाला ही असमानता चांगली ठाऊक असते. ती नाकारण्यापेक्षा मान्य करून काम करणे अधिक प्रामाणिक वाटते.

कोकणकडा

ब्यूबरचा आक्षेप मला ठाऊक नव्हता. मला जे म्हणायचे होते ते त्यात अधिक नेमके आले आहे.

मंदवारा

मी कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांसाठी काम करणाऱ्या केंद्रात आहे. धाग्याच्या शीर्षकात अस्तित्ववादी असाही उल्लेख आहे, पण चर्चा अजून रॉजर्सपाशीच आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते.

अस्तित्ववादी समुपदेशन माणसाच्या असण्याशीच जोडलेल्या प्रश्नांवर काम करते. त्यातला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम याने १९८० साली माणसाच्या चार मूलभूत चिंता मांडल्या: मृत्यू, स्वातंत्र्य, एकटेपण आणि अर्थहीनता. आमच्याकडे या चारही गोष्टी तत्त्वज्ञान म्हणून येत नाहीत, कामाच्या गोष्टी म्हणून येतात. एक आजी (ओळख बदललेली) रोज मला डब्यांबद्दल सांगायच्या. लोणच्याची बरणी कुठल्या फळीवर आहे, गोडा मसाला कोणत्या डब्यात, सुनेला ते सापडेल का. मी सुरुवातीला विषय आजाराकडे नेण्याचा प्रयत्न करत असे. मग एक दिवस मी विचारले, "हे सगळं तुमच्या हातानं कधीपासून आहे?" तेव्हा त्या पन्नास वर्षांच्या स्वयंपाकघराबद्दल बोलल्या, दुष्काळाच्या वर्षी मिलो (परदेशातून आलेली ज्वारी) आणून घर कसे चालवले ते बोलल्या, आणि सून हे राखेल का हा खरा प्रश्न शेवटी आला. सुनेला बोलावले. दोघींनी मिळून मसाल्याचे प्रमाण वहीत लिहिले. आजींच्या वेदना तेवढ्याच राहिल्या, पण रात्रीची तगमग कमी झाली.

अशा कामाला संशोधनाचा आधार आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात विल्यम ब्राइटबार्ट यांनी नाझी छळछावणीतून वाचलेला आणि जगण्यातील अर्थावर भर देणारा मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल याच्या विचारावरून आठ बैठकींची गटपद्धती तयार केली आणि वाढलेल्या कर्करोगाच्या २५३ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले. नेहमीच्या आधारगटापेक्षा त्यात आत्मिक स्वास्थ्य आणि जगण्याची प्रत यांत अधिक सुधारणा दिसली. त्याच वर्षी अस्तित्ववादी उपचारांच्या १५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले. जीवनातील अर्थावर थेट काम करणाऱ्या, रचना असलेल्या पद्धतींचा परिणाम चांगला होता. इतर अस्तित्ववादी प्रकारांचा परिणाम अल्प होता किंवा आढळलाच नाही. 'अस्तित्ववादी' या एकाच नावाखाली सर्व काही सारखेच प्रभावी आहे, असे म्हणता येत नाही.

रानजाई

मंदवारा, आजींबद्दल वाचून खूप बरे वाटले. पण एक इशारा द्यावासा वाटतो. फ्रँकलचे नाव घेऊन 'दुःखातही अर्थ शोध' असे सांगणारी व्याख्याने मी पुष्कळ ऐकली आहेत आणि ती ऐकणाऱ्यांत लग्नासाठी शिक्षण सोडायला लावलेल्या मुलीही होत्या. फ्रँकलने स्पष्ट लिहिले आहे की हे टाळता न येणाऱ्या दुःखाबद्दल आहे. जे दुःख टाळता येते त्याचे कारण दूर करणे हेच अर्थपूर्ण असते. ज्या मुलीला मारहाण होते तिला अर्थ नको आहे, तिला संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता हवा आहे. गोदातीर यांच्या विद्यार्थ्याच्या बाबतीतही आधी हे पाहावे की वडिलांच्या नावावरचे कर्ज किती आहे, सातबारावर वारसनोंद झाली आहे का, शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे का. 'कोणासाठी करतोय' या प्रश्नाच्या पोटात हेही असू शकते.

दूरदेशी

रानजाई यांचा मुद्दा फ्रँकलच्या स्वतःच्या कामातही दिसतो. छळछावणीच्या कितीतरी आधी, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, तरुण फ्रँकलने व्हिएन्नात किशोरांसाठी मोफत सल्ला केंद्रे सुरू केली होती, आणि निकालपत्रे वाटली जातात त्या दिवसांत विशेष मोहीम चालवली होती. म्हणजे ज्याला आपण अर्थाचा विचारवंत म्हणून ओळखतो, त्याने आधी दार उघडे ठेवण्याची व्यवस्था केली.

पणजीकर

गोव्याचा अनुभव या चर्चेत यायला हवा. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगथ संस्थेच्या 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम'ची चाचणी गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाली. नैराश्य असलेल्या ४९५ जणांचा तिच्यात समावेश होता आणि २०१७ साली तिचे निष्कर्ष आले. उपचार देणारे लोक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य स्थानिक लोक होते. पद्धत वर्तनाला चालना देण्याची, म्हणजे माणसाला हळूहळू आवडीच्या आणि उपयोगी कामांकडे वळवण्याची होती, मानवतावादी नव्हती, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा तिने अधिक गुण दिला. पण त्या प्रकल्पाच्या प्रशिक्षण पुस्तिकांपैकी एक संपूर्ण पुस्तिका केवळ समुपदेशनातील नात्याबद्दल आहे: कसे बसावे, कसे ऐकावे, गुप्तता कशी राखावी. आधी नाते, मग तंत्र. मला वाटते 'पुरेसे की आवश्यक' या वादाचे सर्वांत व्यवहार्य उत्तर त्या क्रमातच आहे.

अनुक्रमणिका

आणि एक राहून गेले. रॉजर्सच्या सहा अटींपैकी शेवटची अट सहसा कोणी आठवत नाही: समुपदेशकाचा स्वीकार आणि समानुभूती समोरच्या व्यक्तीपर्यंत थोडी तरी पोहोचली पाहिजे. मला समजले आहे असे मला वाटणे पुरेसे नाही. त्याला तसे वाटले पाहिजे. कोकणकडा यांच्याकडे आलेल्या माणसापर्यंत प्रश्नातून ती पोहोचत नसेल आणि एका स्पष्ट माहितीतून पोहोचत असेल, तर माहिती देणे हे रॉजर्सच्या विरोधात जात नाही. गोदातीर, आपल्या अहवालाची सुरुवात याच अटीपासून करता येईल. प्रत्येक भेटीनंतर विद्यार्थ्याला दोन साधे प्रश्न विचारा: आज तुझे म्हणणे समजून घेतले गेले असे वाटले का, आणि आपण ज्यावर बोललो ते तुला महत्त्वाचे होते का.

दूरदेशी

त्याला जोड म्हणून सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी एक छोटी प्रमाणित मोजपट्टी वापरावी. लंडनच्या १८ शाळांत ३२९ मुलांवर झालेल्या शालेय मानवतावादी समुपदेशनाच्या चाचणीत हेच केले होते. त्रास कमी झाला, पण परिणाम लहान होता आणि खर्च वाढला, हे संशोधकांनी स्वतः नोंदवले, जरी ते त्याच परंपरेचे होते. आपल्या केंद्रात तुलनेचा गट नसल्याने 'समुपदेशनामुळे बरे झाले' असे लिहू नये, 'या काळात एवढा बदल झाला' असे लिहावे. मध्येच येणे थांबवलेल्यांची संख्याही द्यावी. आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या संमतीने रॉबर्ट एलियटच्या पद्धतीने एकाच व्यक्तीचा सखोल अभ्यास करता येतो: बदल समुपदेशनामुळे झाला याचे पुरावे एका बाजूला, परीक्षा संपली, नोकरी लागली, घरचे वाद मिटले अशी पर्यायी कारणे दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही तितक्याच जोमाने तपासायची.

गोदातीर

सर्वांचे मनापासून आभार. मी आतापर्यंत जे ठरवले आहे ते लिहिते. भेटीनंतरचे दोन प्रश्न पुढच्या आठवड्यापासून सुरू करीन. वर्षाच्या अहवालात 'बरे झालेले' असा रकाना न ठेवता सुरुवातीचे आणि शेवटचे गुण, तसेच मध्येच थांबलेल्यांची संख्या देईन, आणि त्यामागचे कारण वरिष्ठांना भेटून समजावून सांगेन.

रानजाई, आपला प्रतिसाद वाचून त्या विद्यार्थ्याला मी वारसनोंदीबद्दल विचारले. ती झालेली नाही. तलाठी कार्यालयात कोणते कागद घेऊन जायचे हे त्याला माहीत नव्हते आणि चुलत्यांना विचारायची त्याला भीती वाटत होती. त्यावर आम्ही बोललो आणि मग त्याने वडिलांबद्दल पहिल्यांदा सविस्तर सांगितले. मूळ प्रश्न अजून तिथेच आहे आणि मी तो घाईने सोडवणार नाही. वारसनोंदीसाठी कोणती कागदपत्रे लागतात हे कुणाला नेमके ठाऊक असेल तर कृपया इथेच सांगावे.

रानजाई

मृत्यूचा दाखला, वारसांची नावे असलेला अर्ज आणि प्रतिज्ञापत्र, सातबारा व आठ-अ यांचे उतारे आणि सर्व वारसांची ओळखपत्रे एवढे तरी सोबत असू द्यावे. स्थानिक कार्यालय आणखी काही मागू शकते, म्हणून आधी एकदा विचारून घ्यावे. अर्ज दिल्याची पोच मात्र त्याने न विसरता घ्यावी.